डफ, तुणतुणे आणि ध्वनिपट्टी

मूकपटाच्या काळात मराठी चित्रसृष्टीने पुराणातले देव दाखवले, शिवकालातले गड दाखवले, सावकाराच्या पाशात सापडलेला शेतकरी दाखवला. शाहीर मात्र तिला दाखवता आला नाही, कारण शाहीर हा मुळात पाहण्याचा नव्हे, ऐकण्याचा विषय. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, तेव्हा तानाजीचा पराक्रम कोल्हापुरात पडद्यावर उमटला. परंतु ज्या पोवाड्याने तो पराक्रम अडीच शतके गावोगाव जागता ठेवला होता, त्याचा डफ त्या पडद्यावर मुकाच राहिला. ‘शाहीर’ हा शब्द अरबीतील ‘शाइर’, म्हणजे कवी, या शब्दावरून आला असला, तरी मराठीत तो आल्यावर त्याच्या हातात डफ आला, मागे तुणतुणे वाजवणारा आणि ध्रुवपद उचलून धरणारे झिलकरी आले, आणि कवी व गायक यांच्यातील भेद पुसला गेला. वीरांच्या पराक्रमाचे दीर्घ कथनगीत तो पोवाडा, आणि शृंगार, उपदेश, अध्यात्म, क्वचित दुष्काळासारखी प्रत्यक्ष आपत्ती यांना नाचऱ्या ठेक्यात बांधणारी रचना ती लावणी, अशी शाहिराच्या रचनेची दोन मुख्य अंगे मानली जातात. या दोन्ही अंगांना पडद्यावर येण्यासाठी ध्वनीची वाट पाहावी लागली, आणि ध्वनी आल्यावरही लगेच दार उघडले नाही, ही या इतिहासातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट मराठीत आणला. या आरंभीच्या बोलपटांना गाणे हवे होते, आणि ते हाताशी तयार होते ते संगीत नाटकाच्या रंगमंचावर. ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे हे रंगभूमीवर आणि मैफलीत मुरलेले कलावंत राजा हरिश्चंद्राच्या भूमिकेत होते आणि संगीतही त्यांचेच होते. नाट्यगृहातील प्रेक्षक चित्रगृहात आणायचा, तर त्याच्या कानाला सवयीचे असलेले नाट्यसंगीत देणे हा व्यवसायाच्या दृष्टीने सरळ मार्ग होता. तमाशाच्या कनातीत बसणारा प्रेक्षकही संख्येने लहान नव्हता, परंतु चित्रसंस्थांच्या चालकांना ज्या प्रतिष्ठित कुटुंबवत्सल प्रेक्षकाची आस होती, त्या प्रेक्षकाच्या घरात ‘तमाशा’ हा शब्दच मुळी शिवीसारखा वापरला जात असे.

गाणाऱ्या कवीचे चरित्र पडद्यावर मांडण्याची पहिली मोठी वाट संतपटांनी पाडली. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले आणि पुढे भजनात रमलेले विष्णुपंत पागनीस त्यात तुकाराम झाले, आणि कवीच्या ओठांवर गीत सहज, बोलता बोलता कसे उमलते, हे मराठी प्रेक्षकाने प्रथमच इतक्या जवळून पाहिले. या चित्रपटात कलावंतीणही आहे. परंतु ती आहे ती तुकारामाचा मत्सर करणाऱ्या साळोमालोच्या कारस्थानाचे साधन म्हणून, तुकारामाला मोहात पाडण्यासाठी पाठवलेली आणि अखेर त्याच्या पायाशी नमणारी. म्हणजे अभंग आणि लावणी ही दोन गाणी एकाच चित्रपटात समोरासमोर आली, पण न्याय आधीच ठरलेला होता. प्रभातच्याच ‘रामशास्त्री’ने १९४४ साली पेशवाईतले पुणे पडद्यावर उभे केले, तेही न्यायासनाच्या बाजूने, निःस्पृह शास्त्र्याच्या करारी नजरेतून पाहिलेले पुणे होते. त्याच शहरात रात्री कोणते गाणे चालत होते, याची वाच्यता व्हायला आणखी तीन वर्षे जावी लागली.

ती वाच्यता ज्याच्या निमित्ताने झाली तो राम जगन्नाथ जोशी हा सोलापूरचा. त्याचा जन्म साधारण १७५८ ते १७६२ च्या दरम्यान आणि मृत्यू १८१२ च्या आसपास मानला जातो. घराणे वैदिक-पुराणिकांचे, थोरला बंधू मुद्गल जोशी पुराण सांगणारा. धाकट्याचा ओढा मात्र सोलापुरातच असलेल्या धोंडी शाहिराच्या फडाकडे गेला. ‘फड’ म्हणजे शाहीर, साथीदार आणि नाचे यांचा मिळून बनलेला जथा, आणि त्याच शब्दाने त्यांच्या कार्यक्रमाची जागाही ओळखली जाई. पुराणिकाच्या घरातला मुलगा फडासाठी लावण्या रचतो, हे घराला मानवले नाही. बंधूने त्याला घराबाहेर काढले, तो पंढरपुरी जाऊन संस्कृत शिकला, परत आला, आणि शिकून आलेले संस्कृत त्याने पुन्हा लावणीतच ओतले, असे त्याच्या चरित्राचे परंपरेने चालत आलेले कथन आहे. बया आणि चिमा या दोन गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांची नावे त्याच्या फडाशी जोडली जातात. लांबलचक समास, आतल्या आत जुळत जाणारी यमके, एकाच ओळीत मराठी आणि संस्कृत यांची सरमिसळ, ही त्याच्या रचनेची ओळख. ‘मदालसाचंपू’ हे संस्कृत काव्यही त्याच्या नावावर आहे. सुंदर स्त्रीचे पायापासून वेणीपर्यंत वर्णन करणारा हाच कवी दांभिक साधूंच्या भगव्या वस्त्रांवर आणि जटांवर कोरडे ओढणारी उपदेशपर रचनाही तितक्याच ठसक्यात करतो, आणि ती रचना पुढे शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केली.

त्याच्या आयुष्याला कलाटणी देणारी म्हणून जी कथा सांगितली जाते ती बारामतीची. आर्या या वृत्ताचा सम्राट मानला गेलेला पंडितकवी मोरोपंत याने राम जोशीची प्रतिभा ओळखली, तिला तमाशातून सोडवून कीर्तनाकडे वळवले, आणि मग राम जोशीने डफ टाकून हाती वीणा घेतली व मोरोपंताच्या आर्या आपल्या कीर्तनांतून महाराष्ट्रभर पोचवल्या, असे ही कथा सांगते. गंमत अशी की, जवळजवळ हीच कथा संगमनेरच्या अनंत फंदीबद्दलही सांगितली जाते, फक्त तेथे मोरोपंताच्या जागी अहल्याबाई होळकर आहेत. दोन शाहिरांच्या चरित्रात एकच वळण यावे, यावरून ते वळण चरित्रापेक्षा चरित्र सांगणाऱ्यांच्या गरजेतून आले असावे, अशी शंका येते; शृंगार गाणारा ब्राह्मण अखेरीस हरिकीर्तनात विसावला, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनाचे समाधान होते. कालक्रमही या कथेला फारसा साथ देत नाही. मोरोपंत १७९४ मध्ये वारला; ज्या दुसऱ्या बाजीरावाच्या रंगेल दरबाराशी राम जोशीचे नाव जोडले जाते, तो बाजीराव पेशवेपदावर आला १७९६ च्या डिसेंबरात. तेव्हा मोरोपंताच्या उपदेशाने वैराग्य आलेला शाहीर त्यानंतर बाजीरावाच्या पुण्यात काय करत होता, या प्रश्नाचे सरळ उत्तर एकच संभवते: त्याच्या आयुष्यात लावणी आणि कीर्तन एकामागून एक आली नाहीत, ती बरोबरीने चालली. एका हातात डफ आणि दुसऱ्या हातात चिपळ्या घेतलेला हा माणूस दंतकथेतल्या पश्चात्तापदग्ध माणसापेक्षा कितीतरी रोचक आहे, परंतु दंतकथांना आणि चित्रपटांना सरळ रेषा आवडते.

इंग्रजी अमलात या शाहिरी वाङ्मयाचे मोल कमी होत गेले. ते हस्तलिखितांत आणि फडकऱ्यांच्या तोंडी टिकले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅरी अॅक्वर्थ हा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला तेव्हा सुशिक्षितांची नजर तिकडे वळली. शाळिग्रामांनी पुढे लावण्यांचेही संपादन केले. पोवाडा राष्ट्रभक्तीच्या कामाचा होता, म्हणून त्याला सभेत लवकर जागा मिळाली. लावणीला ती मिळाली नाही. दरम्यान फडाचेही रूप पालटत होते. गण, म्हणजे गणेशाचे आवाहन. गवळण, म्हणजे कृष्ण आणि गौळणींची छेडाछेड. आणि त्यानंतर वग, म्हणजे सोंगाड्याच्या विनोदाने भरलेले गद्यपद्य नाट्य, अशी तमाशाची जी मांडणी आज परिचित आहे, तिच्यातील वग हे अंग पेशवाई बुडाल्यावर, एकोणिसाव्या शतकात पक्के झाले. बाईचे सोंग पूर्वीच्या फडात बहुधा नाच्या पोऱ्या घेई. स्त्री उघडपणे फडावर उभी राहण्याची प्रथा त्यामानाने उशिरा स्थिरावली. हा सगळा कारभार महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतील कलावंतांच्या हाती आला होता, आणि त्यांच्यावर भाळून एखादा उच्चवर्णीय त्यांत सामील झालाच, तर तो राम जोशीच्याच वाटेने घराला मुकत असे. रेठरे हरणाक्ष या गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले, महार समाजातील पवळा यांच्यासह त्यांनी फड गाजवला, आणि १९४५ च्या डिसेंबरात पुण्यात अत्यंत हलाखीत त्यांचा अंत झाला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शाहिरावर चित्रपट निघण्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी त्याचे जिवंत प्रतिरूप असे विझून गेले होते.

राम जोशीवरचा हा चित्रपट, १९४७ सालचा ‘लोकशाहीर राम जोशी’, काढला राजकमल कलामंदिराने. प्रभातमधून बाहेर पडून व्ही. शांताराम यांनी १९४२ साली मुंबईत परळला वाडिया मूव्हीटोनच्या जागेत ही संस्था उभी केली होती, आणि ‘शकुंतला’ व ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या हिंदी चित्रपटांनी तिचे नाव झाले होते. मराठी चित्रपटाची अवस्था मात्र त्या वेळी बिकट होती. महायुद्धाच्या काळात कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली, चित्रपटाच्या लांबीला ११,००० फुटांची मर्यादा आली, आणि मिळेल तेवढी फिल्म मोठ्या बाजारपेठेच्या हिंदी चित्रपटाकडे वळवणे निर्मात्यांना अधिक शहाणपणाचे वाटू लागले. प्रभातचे आधारस्तंभ दामले १९४५ मध्ये वारले होते, आणि कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतील दुसरा तेजस्वी पुरुष, मास्टर विनायक, १९४७ च्या ऑगस्टमध्ये गेला. या पडत्या काळात परळच्या गिरण्यांच्या मधोमध असलेल्या एका चित्रशाळेने तमाशावर मराठी चित्रपट काढावा, यात योगायोगाचा भाग असेलही. पण त्या गिरण्यांतील घाटावरचा आणि कोकणातला कामगार हाच मुंबईतील तमाशाचा सर्वांत मोठा आश्रयदाता होता, हेही विसरता येत नाही.

दिग्दर्शनाच्या श्रेयात शांतारामांबरोबर बाबूराव पेंटरांचे नाव आहे, आणि त्यामागे एक मोठे वर्तुळ आहे. शांतारामांनी चित्रपटाची धुळाक्षरे गिरवली ती पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. ‘सावकारी पाश’ या १९२५ च्या मूकपटात कर्जात बुडालेला तरुण शेतकरी त्यांनीच रंगवला होता. स्वतः कॅमेरा तयार करणारे, चित्रपटाच्या जाहिरातीची भित्तिपत्रके स्वतः रंगवणारे पेंटर बोलपटाच्या युगात मात्र फारसे रमले नाहीत. १९३०च्या दशकात त्यांनी मोजकेच बोलपट केले आणि मग ते कोल्हापुरात चित्र-शिल्पात गुंतले. जवळजवळ दहा वर्षांनी शिष्याच्या संस्थेत गुरू परतला, आणि तोही ज्या कलेला मूकपटात जागा नव्हती अशा, पूर्णपणे आवाजावर उभ्या असलेल्या विषयासाठी.

लेखनाचे आणि गीतांचे काम गजानन दिगंबर माडगूळकर यांच्याकडे आले, आणि मराठी चित्रपटाच्या पुढील तीन दशकांच्या दृष्टीने चित्रपटाची सर्वांत दूरगामी घटना बहुधा हीच होती. १९१९ साली शेटफळे येथे जन्मलेले आणि माणदेशाच्या कोरड्या मुलखात वाढलेले माडगूळकर चित्रसृष्टीत आले ते किरकोळ भूमिका करत. गोंधळ, भजन, कीर्तन, तमाशा यांचे संस्कार त्यांच्यावर कोणत्याही पुस्तकाआधी झाले होते, आणि सातारा भागातील प्रतिसरकारच्या दिवसांत शाहीर शंकरराव निकम यांच्यासाठी त्यांनी पोवाडेही रचून दिले होते. राम जोशीच्या चित्रपटासमोरची अडचण विलक्षण होती: चरित्रनायकाच्या काही अस्सल लावण्या त्यात घ्यायच्या, आणि प्रसंगाच्या गरजेप्रमाणे नव्या रचना करताना त्या अस्सल लावण्यांशेजारी उपऱ्या वाटू द्यायच्या नाहीत. संस्कृतप्रचुर अनुप्रास आणि रोखठोक गावरान बोली या दोहोंवर सारखीच हुकमत असल्याशिवाय हे जमणारे नव्हते. माडगूळकरांच्या घरी ब्राह्मणी पाठांतर होते आणि अंगणाबाहेर माणदेश होता. राम जोशीची जी दोन जगे एकमेकांशी भांडत होती, ती त्यांच्यात गुण्यागोविंदाने नांदत होती, आणि म्हणूनच जुने व नवे यांच्यातील सांधा चित्रपटात सहजासहजी दिसत नाही.

संगीत वसंत देसाई यांचे. सावंतवाडीकडच्या दशावताराच्या मुलखातून आलेले आणि प्रभातमध्ये घडलेले देसाई ढोलकी, तुणतुणे आणि कडे या साध्या वाद्यमेळाची ताकद ओळखून होते. ढोलकीची कडक थाप, तुणतुण्याचा एकसुरी अखंड नाद आणि त्यावर उंच पट्टीत फेकलेला आवाज ही फडाची ध्वनिसृष्टी मोकळ्या पटांगणासाठी तयार झालेली होती; शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द कळला पाहिजे, हा तिचा कायदा. ध्वनिपट्टीवर, म्हणजे फिल्मच्या कडेने छापल्या जाणाऱ्या ध्वनीच्या अरुंद रेघेत, हाच आवाज आणायचा तर त्याची धार थोडी बोथट होणे अटळ होते. त्यातून नायकाच्या भूमिकेसाठी निवडले गेले ते जयराम शिलेदार, संगीत रंगभूमीवर घडलेले गायक नट, ज्यांनी पुढे १९४९ मध्ये जयमालाबाईंसह ‘मराठी रंगभूमी’ ही नाट्यसंस्था काढून संगीत नाटकाची ज्योत तेवत ठेवली. त्यांचा राम जोशी गातो तेव्हा लावणीची तान नाट्यपदाच्या वळणाने येते. हा दोष म्हणावा तर तो चित्रपटाच्या यशाचाही भाग होता, कारण ज्या प्रेक्षकाने आयुष्यात तमाशाच्या तंबूत पाऊल टाकले नव्हते, त्याला लावणी प्रथम ओळखीच्या गळ्यातून ऐकू आली. आणि खुद्द राम जोशीही कीर्तनात रमणारा पुराणिकाच्या घरचा गळा होता, हे लक्षात घेता ही निवड इतिहासाला अगदीच सोडूनही नव्हती.

बयेच्या भूमिकेत हंसा वाडकर होत्या. सहा वर्षांपूर्वी प्रभातच्या ‘संत सखू’त सासुरवास सोसत विठ्ठलाचा धावा करणारी सखू त्यांनीच साकारली होती, तीच अभिनेत्री आता नऊवारीचा कासोटा घालून, पायांत चाळ बांधून फडावर उभी राहिली. एका नटीने काही वर्षांच्या अंतराने केलेल्या या दोन भूमिका मराठी बोलपटाच्या अभिरुचीतील बदलाचा आलेखच म्हणाव्या लागतील. ‘संत तुकारामा’तली कलावंतीण परिवर्तनासाठी होती, येथील बया मात्र शाहिराच्या कलेची भागीदार आहे, तिला बुद्धी आहे, मान आहे, दुखावले जाण्याचा अधिकार आहे. ऐतिहासिक दृष्टीने पाहता ती पेशवाईतल्या फडापेक्षा विसाव्या शतकातील तमाशाच्या बारीला जवळची दिसते. चित्रपटांनी लोकप्रिय केलेला सवाल-जबाबाचा प्रसंगही असाच आहे. मूळ सवाल-जबाब कलगी आणि तुरा या दोन संप्रदायांच्या शाहिरांमधले: शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले, शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले, आणि एकाने पुराणातले कूट घालावे, दुसऱ्याने ते डफावर सोडवावे, अशी ती रात्रभर चालणारी विद्वत्तेची झुंज होती. पुढच्या मराठी चित्रपटांत तिचे रूपांतर बहुतेक वेळा शाहीर आणि नाची यांच्या प्रणयी चकमकीत झाले, आणि आज सर्वसामान्य मराठी माणसाला सवाल-जबाब म्हटले की तेच आठवते.

चित्रपटाच्या नावातील ‘लोक’ हे उपपदही थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. राम जोशीच्या काळी कोणी स्वतःला लोकशाहीर म्हणवून घेतले नसते. शाहीर हा लोकांचाच असतो, हे वेगळे सांगण्याची तेव्हा गरज नव्हती. परंतु १९४० च्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक कामगारवस्त्यांतून गाजत होते, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक उभे राहत होते, आणि तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हणण्याची रीत रूढ होत होती. ‘लोक’ या शब्दाने जुन्या कलेच्या अंगावरचा कलंक पुसला जाई आणि तिला जनतेची कला म्हणून नवी अब्रू मिळे. चित्रपटाने हा शब्द या चळवळीच्या हवेतून उचलला, पण नायक निवडला तो ब्राह्मण. याच वेळी निघालेल्या हिंदी आवृत्तीचे नाव होते ‘मतवाला शायर राम जोशी’, आणि तेथे तर गोंधळ आणखी वाढला. कारण शाहीर आणि शायर हे एकाच अरबी शब्दाचे दोन वंशज असले, तरी हिंदी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ‘शायर’ म्हटल्यावर मुशायऱ्यातली शमा येते, सोलापूरच्या पटांगणातला डफ येत नाही.

मराठीत चित्रपटाला मोठे यश मिळाले, आणि त्याचा तात्कालिक परिणाम म्हणजे मराठीत चित्रपट काढणे पुन्हा फायद्याचे ठरू शकते, हा विश्वास परतला. त्याच वर्षी दिनकर द. पाटील यांचा ‘जय मल्हार’ आला आणि ग्रामीण चित्रपटाची वाट मोकळी झाली. या दोन चित्रपटांच्या मिलाफातून पुढे मराठी चित्रसृष्टीला पंचवीस-तीस वर्षे पुरेल असा ‘तमाशापट’ नावाचा प्रकार जन्माला आला. गावचा पाटील, फडावरची नर्तकी, भोळा शाहीर आणि सोंगाड्या यांचा हा संसार पुढे इतका मळला, की मूळ चित्रपटात या पात्रांना किती ताजेपणा होता, हे आता मुद्दाम आठवावे लागते.

परंतु पडद्यावर तमाशाचा गौरव होत असताना पडद्याबाहेर त्याचे दिवस वाईट होते. स्वातंत्र्याच्या आगेमागे बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणास्तव तमाशावर बंदी घातली. फडांनी दाद मागितली, सुधारणेसाठी समिती नेमली गेली, आणि वगाची संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर फड पुन्हा उभे राहू शकले. ज्या लावणीला चित्रगृहात सहकुटुंब दाद मिळत होती, तीच लावणी कनातीत म्हणणाऱ्याला आता पोलिसी परवाना दाखवावा लागणार होता. दोन्हीकडे गाणे एकच, फरक होता तो गाणाऱ्याच्या जातीचा आणि बसणाऱ्याच्या खुर्चीचा. राम जोशीच्या चित्रपटाने जातिबहिष्काराचे दुःख मांडले आणि ते खरेही होते, पण ते वरून खाली उतरलेल्या माणसाचे दुःख होते; जे फडातच जन्मले आणि ज्यांना तेथून कोठे वर चढण्याची मुभा नव्हती, त्यांची कथा सांगणारा शाहीर या चित्रपटाला सापडला नाही.

शांताराम पुन्हा एकदा पेशवाईतल्या शाहिराकडे वळले ते १९५१ च्या ‘अमर भूपाळी’त, आणि या वेळी नायक होता होनाजी, म्हणजे बाळा करंजकर या सोबत्यासह ‘होनाजी बाळा’ या जोडनावाने ओळखला जाणारा गवळी शाहीर. संगीत पुन्हा वसंत देसाईंचे होते, नायक होते पंडितराव नगरकर, संध्या या अभिनेत्रीचे पदार्पण याच चित्रपटातून झाले, आणि १९५२ साली तो फ्रान्समधील कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. मात्र चित्रपटाला नाव मिळाले ते होनाजीच्या शृंगारिक लावण्यांवरून नव्हे, तर पहाटेच्या भूपाळीवरून. राम जोशीला कीर्तनाने पावन केले, होनाजीला भूपाळीने. लावणीला अजूनही कोणीतरी हमीदार लागत होता.

तो हमीदार न घेता लावणी उभी राहिली ती अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’त, १९५९ साली. त्यात नायक शाहीर नाही, कथा तमासगिरणीची आहे. गीते पुन्हा माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचे, तरुण नर्तकी जयश्री गडकर, आणि तिच्याबरोबर पडद्यावर हंसा वाडकर. पुण्यात हा चित्रपट दोन वर्षांहून अधिक काळ चालला. पुढे हंसाबाईंनी स्वतःचे आयुष्य शब्दांकित करवले, तेव्हा त्या पुस्तकाला त्यांनी याच चित्रपटाचे नाव दिले, आणि कलावंतिणींच्या घराण्यात जन्मून लहानपणीच चित्रसृष्टीत आलेल्या एका मुलीचे लग्न, पैसा, दारू, पळवाटा आणि परतीचे रस्ते त्यात इतक्या निर्भीडपणे आले, की १९७० साली ते पुस्तकरूपाने निघाल्यावर मराठी वाचक चपापला. १९७७ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावर ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला. त्यात हंसाबाईंच्या आयुष्यावर बेतलेली नायिका स्मिता पाटील यांनी साकारली, आणि चित्रपटाच्या आरंभीच ती येते ती चित्रीकरणाच्या दिव्यांखाली, पायांत चाळ बांधून लावणी नाचताना.